कै. ऐवजी श्री.

करी रोडला आमच्या प्रेसमध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली एक लग्नपत्रिका आहे. वर सोनेरी फॉइलचा गणपती, खाली वधूचं नाव, त्याखाली 'यांची नात' म्हणून आजोबांचं नाव आणि त्या नावाआधी 'कै.'. आजोबा तेव्हा 81 वर्षांचे होते. छापून झालेल्या पत्रिका न्यायला ते स्वतः आले होते.

मजकूर जुन्याच एका पत्रिकेवर बसवला होता. हे सगळीकडे चालतं. मागच्या लग्नाची फाईल उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची. त्या मागच्या लग्नातले आजोबा खरोखरच कैलासवासी होते. प्रूफ माझ्याकडे आलं, लाल पेन त्याच ओळीवर होतं. हे मी शपथेवर सांगतो, कारण 'कै.'च्या शेजारी लाल ठिपका पडलेला आहे, प्रूफ अजून माझ्याकडे आहे. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. फोन पाहिला, खाली ठेवला आणि पुढे वाचायला लागलो तो खालच्या ओळीपासून. मुद्रितशोधनातलं हे जुनंच दुखणं. उठलेलं डोकं परत बसतं ते एक ओळ खाली.

आजोबांनी पत्रिका लांब धरून वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. बघू या." मालकही ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कागद आणि फॉइल तुमच्या पगारातून." 400 पत्रिका. ही गोष्ट एप्रिल 2025 मधली.

फोनवर तेव्हा काय आलं होतं, हे मला बायकोने विचारलं. काही नाही. कुणीतरी अनोळखी माणूस तांबडा रस्सा करत होता. मी त्याचे मागे कधीतरी तीन व्हिडिओ पाहिले होते, म्हणून चौथा आल्याचं ॲपने कळवलं, बस्स.

त्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन आकडा पाहिला: रोजचे सरासरी 4 तास 50 मिनिटं. मी भांडुपला राहतो. धिम्या गाडीने करी रोड दहावं स्टेशन. पूर्वी या प्रवासात मी वर्तमानपत्राची चौकोनी घडी करून शब्दकोडं सोडवायचो, विद्याविहारपर्यंत आडवे शब्द, शीवपर्यंत उभे. ते कधी बंद झालं ते सांगता येणार नाही. दारू सोडलेले लोक शेवटचा पेला सांगतात, मला शेवटचं कोडं आठवत नाही.

सोडायचे प्रयत्न सगळे करून झाले. मंगळवारी ॲप काढलं, गुरुवारी परत घातलं. अर्ध्या तासाची मर्यादा लावली, तर मर्यादा संपल्यावर येणाऱ्या चौकटीत 'आजच्यापुरतं राहू दे' असंही बटण होतं आणि माझ्या अंगठ्याला ते आठवडाभरात पाठ झालं. पडदा काळा-पांढरा केला. याने चार दिवस फरक पडला, मग तांबडा रस्सा करडा दिसायचीही सवय झाली.

मला राग येत होता तो स्वतःचा. पंचवीस वर्षं प्रुफं वाचणाऱ्या माणसाला एक यंत्र खाली ठेवता येत नाही म्हणजे काय? मग मी याबद्दल वाचायला लागलो. पुस्तकाचा फर्मा सोळा पानांचा. तो संपतो, दुसरा हातात घ्यावा लागतो, तेवढ्यात माणूस पाणी पितो, खिडकीबाहेर बघतो. ही थांबायची जागा पडद्यावरून 2006च्या सुमारास गेली. एझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने अशी रचना काढली की पान संपतच नाही, खालून आपोआप पुढचं येत राहतं. त्याला नंतर त्याचा पश्चात्ताप झाला, तसं त्याने जाहीर सांगितलंही. दुसरी गोष्ट त्याहून जुनी, स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांची. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर भुकेपुरतंच चोच मारतं. कधी मिळतो, कधी नाही, असं केलं की मारतच राहतं. दादरचा कबुतरखाना 2025मध्ये ताडपत्री टाकून बंद केला. गाडीच्या डब्यात तो चालूच आहे, मीही त्यातलाच एक.

आणखी एक गोष्ट आठवली. 29 जून 2020ला सरकारने टिकटॉकसह 59 चिनी ॲपांवर बंदी घातली, तेव्हा आमच्या प्रेसमध्ये टाळ्या वाजल्या होत्या. महिनाभरात तसलेच आखूड व्हिडिओ दुसऱ्या ॲपांत दिसायला लागले. दुकानाची पाटी बदलली आणि गिऱ्हाईक तेच राहिलं.

इथे माझी भाची मध्ये पडली. ती माटुंग्याला इंजिनिअरिंगला आहे आणि मला अरे-तुरे करते. गौरीच्या जेवणाला आली होती, माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "मामा, तू भांडी तीच ठेवतोस आणि उपास करतोस. भांडी बदल ना."

तिने माझ्या फोनवर एफ-ड्रॉइड घातलं. 2010 पासून चालणारं हे ॲपचं भांडार. इथे फक्त अशी सॉफ्टवेअर मिळतात ज्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. खातं काढावं लागत नाही, फोन नंबर मागत नाहीत. पण मला त्याच्या प्रेमात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. ॲपच्या माहितीखाली ते त्या ॲपचे दोषही छापतात. हे तुमचा माग ठेवतं, हे अमुक बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे, याच्या मूळ कर्त्याच्या आवृत्तीतला कोड पूर्ण खुला नाही. आपल्याच दुकानातल्या मालाला जोडलेलं शुद्धिपत्र! मी आयुष्यात शुद्धिपत्रं इतकी केली आहेत, पण ती पुस्तकाच्या शेवटी, बारीक टायपात, जमलं तर वाचकाला दिसू नयेत अशा बेताने. इथे ती दारावरच लावलेली.

मग एकेक बदलत गेलो. यूट्यूबवरची व्याख्यानं आणि नाट्यसंगीत ऐकायला न्यूपाइप. त्यात खातं लागत नाही, आणि पुढचं आपोआप लागायची सोय बंद ठेवता येते. संपलं की संपलं, पडदा गप्प. पहिल्या दिवशी ती शांतता मला बिघाडच वाटली. गाडीत पॉडकास्ट ऐकायला अँटेनापॉड. टायपिंगला हेलीबोर्ड नावाचा कीबोर्ड, ज्याला इंटरनेटची परवानगीच नाही. आपण काय टाइप करतो ते कुणाला कळवायचं झालं तरी तो कळवणार कसा? फोटोंसाठी फॉसिफायची गॅलरी. या गॅलरीची गोष्ट मला फार आवडते. 'सिंपल मोबाइल टूल्स' नावाचा साध्या ॲपांचा एक संच होता. 2023च्या अखेरीस तो एका कंपनीला विकला गेला. मात्र कोड खुला होता, म्हणून त्यावर काम करणाऱ्यांनीच तो उचलून नव्या नावाने पुढे चालू ठेवला. चाळ बिल्डरने घेतली तर भाडेकरू रस्त्यावर येतात, हे आम्ही गिरणगावात पिढ्यान्पिढ्या पाहिलं. इथे भाडेकरू अख्खी चाळ उचलून शेजारच्या प्लॉटवर गेले.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. धडा मी एकदा शिकून विसरलो होतो.

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत होते, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांची अडीचशे पदांची वही मी 2003 साली कॉम्प्युटरवर टाइप केली. त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल लागायचा, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा प्लॅस्टिकचा ठोकळा. तो खोचलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. कॉम्प्युटर बदलला, नव्यात ते पोर्टच नव्हतं. फाईल शाबूत, पण दुसऱ्या कशातही उघडली की कचरा दिसायचा, कारण त्या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी 'क' नसून इंग्रजी लिपीतलं कुठलंतरी चिन्ह असायचं. वडील 2011 साली गेले. वही त्याआधीच पावसात गेली होती, 2005च्या 26 जुलैला, भांडुपच्या घरात कमरेएवढं पाणी होतं तेव्हा. म्हणजे पदं उरली ती त्या कुलूपबंद फाईलमध्ये.

2025च्या ऑक्टोबरच्या 14 तारखेला विंडोज 10चा आधार संपला आणि घरचा कॉम्प्युटर नव्या आवृत्तीला चालेना. भाचीने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही खुल्या कोडची प्रणाली घातली. आमच्या डोंगरापलीकडेच पवई, तिथल्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. त्यात लिनक्स आणि लिबरऑफिस हे लिखाण-हिशेबाचं खुलं सॉफ्टवेअर शिकवणारे मराठीतले धडेही मिळतात. मी रात्री जेवून ते लावून बसायचो. कुणीतरी शांतपणे 'आता एंटर दाबा' म्हणतं आणि आपण दाबतो. मग भाचीलाच म्हटलं, तुझ्या आजोबांची पदांची फाईल उघडेल का गं?

दोन रविवार लागले. जुन्या फॉन्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता मी केला, तेवढं मला येतं. तिने त्यावरून पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अदलाबदल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या फटक्यात निम्मं मराठी दिसलं आणि निम्मं झपाटलेलं. गोम वेलांटीत होती. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, ती अक्षरानंतर साठवतात. स्क्रिप्टने वेलांटी एक घर पुढे सरकवली. 'विठ्ठल' बरोबर आला. 'भक्ति' मात्र फुटली, कारण वेलांटीला अर्ध्या क्‌वरून उडी मारून त पर्यंत जायचं होतं. अभंगांत भक्ति किती वेळा येते ते सांगायला नको. रफाराचं उलटं. तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. आणि 'मूर्ति' या शब्दाला दोन्ही आजार. वेलांटी पुढे न्यायची, रफार मागे आणायचा, आणि तेही याच क्रमाने, नाहीतर दोघांची टक्कर होते. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी 'मूर्ति' सरळ उभी राहिली तेव्हा भाची टाळी द्यायला उठली आणि मी पुढची ओळ वाचत बसलो. ती वडिलांच्या वहीत पेन्सिलने लिहिलेली सूचना होती, मी टाइप करताना तीही घातली होती: 'इथे चाल संथ'.

ती पदं आता मुक्त फॉन्टमध्ये लावली आहेत. फॉन्टचं नाव मुक्ता, इथल्याच मुंबईच्या एक टाइपने केलेला, कुणीही वापरावा असा. फाईल उघडायला कुणाचा ठोकळा लागत नाही.

याने चेव आला आणि मी हद्द सोडली. जुन्या फोनवर, ज्याचे अपडेट कंपनीने केव्हाच थांबवले होते, लिनिएजओएस चढवलं. म्हणजे अँड्रॉइडच, फक्त गूगलच्या सेवांशिवाय. फोन नवा झाल्यासारखा पळायला लागला. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी बँकेचं ॲप म्हणालं, या फोनच्या प्रणालीत बदल झाला आहे, सेवा देता येणार नाही. त्या दिवशी मुख्य फोन मी मुद्दाम घरी ठेवला होता. करी रोडला वडापाव हातात, खिशात पाचशेची एक नोट, आणि गाडीवाल्याकडे सुट्टे नाहीत. "जाऊ द्या, उद्या द्या," तो म्हणाला. यूपीआय चालवणारी एनपीसीआय इथेच मुंबईत, साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देण्याची 123पे ही सोय तिने मार्च 2022मध्ये काढली. पण वडापावच्या रांगेत उभं राहून सूचना ऐकत बटणं दाबायची माझी छाती झाली नाही. आता मुख्य फोनवर बँकेचं ॲप आहे, पर्समध्ये दहा-दहाच्या नोटा आहेत. रेल्वेचा पास खिडकीवर रांग लावून काढतो. त्या रांगेत शब्दकोडं होतं.

व्हॉट्सॲप सुटलं नाही. गिऱ्हाइकं मजकूर त्यावरच पाठवतात, हाताने लिहिलेल्या पानाचा वाकडा फोटो काढून. सोसायटीचं पाणी कधी येणार तेही तिथेच कळतं. फेसबुकने ते 2014 साली सुमारे 19 अब्ज डॉलरला घेतलं. 2021च्या गोपनीयता धोरणाबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, 213.14 कोटींचा दंड केला. दंडाची ती बातमी मला कुठे कळली? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी एवढंच केलं की फोनवरच्या त्याच्या सगळ्या सूचना बंद करून प्रेसच्या कॉम्प्युटरवर दिवसातून दोनदा उघडतो. पूर्वी टपाल यायचं तसं, सकाळचं आणि दुपारचं.

घरच्यांना व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल या निरोपांच्या ॲपवर न्यायचा घाट घातला होता. ते ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, वगैरे मी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, त्यावर आहे कोण? तुम्ही, मी आणि तुमची भाची. एवढ्यासाठी ॲप कशाला, हाक मारा ना." तरी तिने घेतलं. आईने नाही घेतलं. तिचं म्हणणं, भिशीच्या बायका नाहीत तिथे तिचं काय काम.

नकाशाचं मात्र मला व्यसन लागायची वेळ आली. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून लोकांनी भरलेला नकाशा आहे, ऑर्गॅनिक मॅप्समध्ये तो इंटरनेटशिवाय चालतो. भांडुप पश्चिमेला डोंगरावर चढत जाणाऱ्या आमच्या गल्ल्या त्यात कुणी भरल्या नव्हत्या. मग त्या मी भरल्या. पायऱ्या, सार्वजनिक नळ, मारुतीचं देऊळ, दोन चाळींमधली ती बोळ जिच्यातून फक्त माणूस किंवा बकरी जाते. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, तुम्ही चालत असता आणि ते सोपे प्रश्न विचारतं: या पायऱ्यांना कठडा आहे का? हा रस्ता डांबरी की सिमेंटचा? उत्तर दिलं की एक तारा मिळतो. एका रविवारी दुपारी दीडच्या उन्हात मी 'आणखी एक कठडा' म्हणत टेकडीवर चढत होतो, तेव्हा लक्षात आलं की हाही दाणाच आहे. फरक एवढाच की संध्याकाळी नकाशात पायऱ्या दिसत होत्या. आणि फोन खाली ठेवल्यावर तो ठेवलेला राहिला, त्याने हाक मारली नाही. आता तिथे आठवड्यातून एकदाच जातो. उन्हात नाही.

रोजचा आकडा आता 1 तास 40 मिनिटांवर आहे. मध्ये एकदा गणपतीत तीन तास झाला होता, आरत्यांच्या नावाखाली.

गेल्या महिन्यात ते आजोबा परत आले. धाकट्या नातवाची मुंज, 150 पत्रिका. वय 82. आल्या आल्या म्हणाले, "मला आधी ते सांगा, या खेपेला मी आहे की गेलोय?" मी फोन खणात टाकला, खण लावला आणि त्यांच्यासमोरच प्रूफ दोनदा वाचलं. एकदा उलटं, खालून वर, जसं गुरुजींनी शिकवलं होतं तसं. 'श्री.' होतं. त्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातलं लाल पेन घेतलं, चष्मा वर केला आणि पान लांब धरलं. मुहूर्ताच्या ओळीवर थांबले. भटजींच्या चिठ्ठीत 11.24 होतं. आम्ही 11.42 लावलं होतं.